एका स्क्रूड्रायव्हरवर उभा राहणारा संगणक

घरी डेस्कटॉप संगणक जोडायचा ठरला की बहुतेकांचं सगळं लक्ष सुट्या भागांकडे लागतं. प्रोसेसर कोणता घ्यायचा, त्याला साजेसा मदरबोर्ड कोणता, ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं की सहा महिने थांबावं, यावर घरात आणि मित्रांत भरपूर खल होतो. मग एक दिवस सगळे खोके घरी येतात, टेबल मोकळं केलं जातं आणि त्यानंतर माळ्यावरच्या डब्यात स्क्रूड्रायव्हर शोधायला सुरुवात होते. तिथे जे सापडेल त्याने पन्नास-साठ हजारांच्या किंवा त्याहून महागड्या यंत्राचे स्क्रू पिळले जातात. हा क्रम उलटा असायला हवा. हत्यारं आधी जमवावीत, भाग मागाहून आणावेत.

त्यासाठी फार काही जमवावं लागत नाही. संगणक जोडताना सोल्डरिंग करावं लागत नाही, भोक पाडावं लागत नाही, पत्रा कापावा लागत नाही. ही सोय आपोआप झालेली नाही. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला आणि त्याच्याशी जुळणारे सुटे भाग बनवणारा मोठा उद्योग उभा राहिला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मानक जाहीर केलं. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, त्यावर स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, पॉवर सप्लायचा प्लग असा, मागच्या जोडण्यांसाठी कॅबिनेटला खिडकी एवढी, हे सगळं त्यात ठरवून दिलं. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांनी, एकमेकांना न विचारता बनवलेले बोर्ड, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय आपल्या टेबलावर आल्यावर नीट जुळतात. काटेकोरपणाचं अवघड काम आपल्याआधी दुसऱ्यांनी करून ठेवलं आहे. जोडणीसाठी म्हणून लागणारं हत्यार जवळजवळ एकच उरतं. बाकीची हत्यारं लागतात ती यंत्राला आपल्याच हातापासून वाचवण्यासाठी: नको तिथल्या जोरापासून, अंगात साठलेल्या विजेपासून, अर्धवट बसलेल्या प्लगपासून. कोणतं हत्यार कशापासून वाचवतं हे कळलं की पैसे कुठे खर्च करायचे तेही कळतं.

फुलीचा स्क्रूड्रायव्हर, दोन नंबरचा

संगणकातले बहुतेक स्क्रू फुलीच्या खाचेचे असतात. ही खाच फिलिप्स या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे व्यावसायिक हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्प्सन यांची मूळ कल्पना विकत घेतली, तिच्यात सुधारणा केल्या आणि १९३६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत हे स्क्रू वापरले आणि तिथून ते सगळीकडे पसरले. चपट्या खाचेत स्क्रूड्रायव्हर बाजूला घसरतो, फुलीत मात्र तो आपोआप मध्यावर बसतो. वेगाने चालणाऱ्या कारखान्याला हेच हवं होतं. मदरबोर्डवर काम करणाऱ्याला तर हे दुप्पट हवं असतं, कारण चपटं टोक घसरून बोर्डावर ओरखडा उठला तर केसाएवढ्या रुंदीचे तांब्याचे मार्ग तुटतात आणि बोर्ड कायमचा जातो.

फिलिप्सच्या टोकाला नंबर असतात. संगणकासाठी मुख्य नंबर दोन. दांड्यावर किंवा मुठीवर 'पीएच२' असं कोरलेलं असतं. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, बहुतेक कूलर, सगळीकडे हाच चालतो. त्याच्याखालचा एक नंबर, म्हणजे 'पीएच१', लागतो एम.२ प्रकारच्या एसएसडीच्या बारीक स्क्रूला. दोन नंबरच्या स्क्रूला एक नंबरचं टोक लावलं तर ते खाचेत सैल बसतं, फिरता फिरता वर उसळतं आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतं. कडा गेलेला स्क्रू काढणं हे पूर्ण संगणक जोडण्यापेक्षा जिकिरीचं काम आहे.

दुकानात फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला सर्रास 'स्टार' म्हणतात. पण सहा टोकांचा तारा असलेला टॉर्क्स हाही 'स्टार' म्हणूनच मिळतो, तेव्हा मागताना 'फिलिप्स, दोन नंबर' असं स्पष्ट सांगावं. पॉझिड्राइव्ह नावाचा फिलिप्ससारखाच दिसणारा एक प्रकार आहे. त्याच्या फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा जास्तीच्या असतात आणि टोकावर 'पीझेड' लिहिलेलं असतं. फर्निचरच्या स्क्रूंना तो उत्तम, पण फिलिप्सच्या खाचेत तो तळापर्यंत जात नाही.

दांड्याची लांबी निदान १५० मिलिमीटर असावी. उंच कूलरचे स्क्रू आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यातले स्क्रू आखूड दांड्याने हाताला येत नाहीत. मूठ इतकी जाड हवी की दोन बोटांनी फिरवता येईल आणि तळहाताने जोरही देता येईल. चांगला स्क्रूड्रायव्हर आपल्याच राज्यात बनतो. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या तापरिया कंपनीची हत्यारं देशभरातल्या मेकॅनिकांच्या पेटीत दिसतात. परदेशी महागडा संच मागवण्याची गरज नाही. गरज आहे ती टोक कडक पोलादाचं आणि धार शाबूत असण्याची.

टोकाला चुंबकत्व असावं का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. असावं. फ्लॉपी डिस्कच्या काळात चुंबकाची भीती खरी होती, कारण फ्लॉपीवरची माहिती साध्या चुंबकानेही पुसली जाई. आजच्या एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते, तिच्यावर अशा टोकाचा परिणाम होत नाही. हार्ड डिस्कच्या पोटात तर तिचे स्वतःचे शक्तिशाली निओडिमियम चुंबक असतात. स्क्रू टोकाला चिकटून राहिला नाही तर तो बोर्डावर पडतो, नाहीतर पॉवर सप्लायच्या जाळीतून आत जातो. ते संकट जास्त मोठं आहे.

स्क्रूंची दोन कुळं आणि एक वाटी

कॅबिनेटबरोबर स्क्रूंची एक पिशवी येते. त्यातले स्क्रू वरवर सारखे दिसतात, पण त्यांची कुळं दोन आहेत. एक अमेरिकन मापाचं, ६-३२. त्याचा व्यास सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि एका इंचात ३२ आटे. दुसरं मेट्रिक मापाचं, एम३. व्यास तीन मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. आट्यांकडे नीट पाहिलं तर फरक डोळ्यांना कळतो: ६-३२ चे आटे विरळ, एम३ चे दाट. पॉवर सप्लाय, साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि कार्डांच्या पट्ट्या ६-३२ ने बसतात. अडीच इंची एसएसडी एम३ ने. मदरबोर्डसाठी काही कॅबिनेटांत पहिला प्रकार लागतो, काहींत दुसरा.

म्हणून एक मूद पाडण्याची वाटी किंवा खणांचा प्लास्टिकचा डबा हेही हत्यारच समजावं. काम सुरू करण्याआधी पिशवी रिकामी करून स्क्रू वेगळे करायचे, प्रत्येक खणात चिठ्ठी टाकायची. लोखंडी स्क्रूंसाठी मेकॅनिक वापरतात तसं चुंबकाचं ताट असेल तर उत्तम. एम.२ चा स्क्रू दोन मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम तीन मिलिमीटर लांब असतो. तो फरशीवर पडला तर अर्धा तास गेलाच.

चुकीच्या भोकात चुकीचा स्क्रू जोराने घातला की दोन्हीकडचे आटे मरतात. यावर कारागिरांची एक साधी युक्ती आहे. स्क्रू भोकावर ठेवायचा आणि आधी अलगद उलटा, डावीकडे फिरवायचा. आटे एका रेषेत आले की हाताला बारीक 'टक्' असं जाणवतं. मग उजवीकडे फिरवायला लागायचं. सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. तिथेच जोर लागत असेल तर स्क्रू वाकडा चाललाय किंवा कुळ चुकलंय. शेवटी घट्ट करताना स्क्रू थांबला की आपणही थांबायचं. मदरबोर्डचे सगळे स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतून घट्ट केले तर बोर्डावर ताण येत नाही.

बोर्ड थेट पत्र्यावर बसत नाही. त्याच्या खाली पितळेचे षट्कोनी पाय असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. एटीएक्स बोर्डाला साधारण नऊ, मिनी आयटीएक्स या छोट्या बोर्डाला चार. काही कॅबिनेटांत ते आधीच बसवलेले असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर त्याचं टोक बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकतं आणि शॉर्ट सर्किट होतं. हे पाय बसवायला वा काढायला छोटा बॉक्स पाना लागतो. अनेक कॅबिनेटबरोबर एक छोटी टोपी येते. ती स्टँडऑफवर घालून फिलिप्सने फिरवता येते. ती फेकून देऊ नये.

न दिसणारी ठिणगी

हिवाळ्यात नागपूरला किंवा संभाजीनगरला स्वेटर काढताना तडतड ऐकू येते. अंधार असेल तर ठिणग्याही दिसतात. ती स्थिर विद्युत. माणसाला असा झटका जाणवायलाच सुमारे तीन हजार व्होल्टचा दाब लागतो. काही इलेक्ट्रॉनिक भाग मात्र काही शे व्होल्टनेच बिघडतात, कारण आतल्या ट्रान्झिस्टरमधला विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे आपल्याला काहीच न जाणवता भाग मरू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धा जखमी होऊन काही महिन्यांनी दगा देऊ शकतो. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना अंगावर ३५ हजार व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो. दमट हवेत तोच आकडा दीड हजाराच्या आसपास येतो. म्हणजे मुंबई-कोकणात पावसाळ्यात धोका घटतो, संपत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा. त्याची एक बाजू मनगटाला, दुसरीकडचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला. या पट्ट्यात एक मेगाओम, म्हणजे दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. अंगातला भार हळूहळू निघून जायला तो वाट देतो, पण चुकून आपला हात २३० व्होल्टच्या तारेला लागला तर पट्ट्यातून जाणारा प्रवाह २३० भागिले दहा लाख, म्हणजे मिलिअँपियरच्या पावपटीहूनही कमी राहतो. तेवढा प्रवाह सहसा जाणवतही नाही. रोध नसलेली साधी तार मनगटाला बांधणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. बाजारात 'वायरलेस' पट्टेही मिळतात. त्यांना अर्थिंगशी जोडणारी तारच नसते, तेव्हा भार जायला वाट नसते. ते घेऊ नयेत.

पट्टा नसेल तर दुसरी रीत आहे. पॉवर सप्लाय कॅबिनेटमध्ये बसवायचा, त्याची तीन पिनांची तार सॉकेटमध्ये घालायची, पण भिंतीवरचं बटण आणि पॉवर सप्लायच्या मागचं बटण बंद ठेवायचं. आपल्याकडच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंगची तार जोडलेलीच राहते. त्यामुळे कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला की अंगातला भार जमिनीत जातो. प्रत्येक भाग हातात घेण्याआधी असा स्पर्श करायची सवय लावून घ्यावी.

ही रीत आणि पट्टा, दोन्हींचा पाया एकच: घरात अर्थिंग खरंच असलं पाहिजे. अनेक जुन्या वाड्यांत, चाळींत आणि घाईने केलेल्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर सूक्ष्म मुंग्या येत असतील तर बहुधा हेच कारण असतं. यासाठी वायरमनला बोलवावं. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसले तर बरं चाललं आहे असं समजतात. शंभर हत्यारं घेतली तरी अर्थिंग नसेल तर संगणकही असुरक्षित आणि आपणही.

काम करायला लाकडी टेबल किंवा मदरबोर्डचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका उत्तम. गालिचा, गादी, सोफा टाळावा. भाग ज्या चंदेरी पिशवीतून येतात ती भाग ठेवायला असते. तिच्यावर ठेवून बोर्ड चालू करू नये, कारण अशा पिशवीचा धातूचा थर वीज वाहू शकतो.

लेप आणि पुसायचं कापड

प्रोसेसरचा वरचा धातू आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागतात. प्रत्यक्षात दोघांवरही सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एकक मानली तर हवेची ०.०२६ भरते. थर्मल पेस्ट या खळग्यांत शिरून हवेला हुसकावते. तिची स्वतःची वाहकता तांब्याच्या जवळपासही नसते, साधारण चार ते बारा एकक. म्हणून ती भरपूर लावून उपयोग नाही. धातूला धातू भिडावा आणि फक्त फटी भराव्यात एवढीच हवी. बहुतेक प्रोसेसरांना मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो, कूलरच्या दाबाने तो पसरतो. इंटेलच्या एलजीए १७०० सारख्या लांबट प्रोसेसरवर त्याऐवजी एक रेघ ओढतात. अनेक कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी लावू नये.

इथे लागणाऱ्या वस्तू दोन. धागे न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध. पाणी कमी असल्याने ते चटकन उडून जातं. ते ज्वालाग्राही आहे, तेव्हा काम करताना खिडकी उघडी, आजूबाजूला देव्हाऱ्यातलं निरांजन वा शेगडी नको. कूलर बसवण्याआधी त्याच्या तळावरची पारदर्शक पट्टी काढली आहे ना, हे मोठ्याने बोलून खात्री करावी. पट्टी तशीच राहिली तर संगणक चालू होतो आणि काही मिनिटांत तापून बंद पडतो.

जुना कूलर काढायचा असेल तर एएमडीच्या एएम४ पद्धतीच्या प्रोसेसरबाबत जपावं. त्याच्या पिना प्रोसेसरच्याच अंगावर असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून, तार काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. २०२२ मधल्या एएम५ पासून एएमडीनेही इंटेलप्रमाणे पिना सॉकेटमध्ये नेल्या. आता जपायचं ते सॉकेटला. तिथे बोट, कापड, ब्रश काहीही लावायचं नाही.

उजेड, चिमटा, कटर

कपाळाला बांधायची छोटी बॅटरी ही या कामातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. कॅबिनेटच्या आत दिवसाही अंधार असतो आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. उजेड हवा तो दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे समोरच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या बारीक तारा. बोर्डाच्या कडेला २.५४ मिलिमीटर अंतरावर पिना असतात आणि त्यांवर या तारा एकेक करून बसवायच्या असतात. चालू करायच्या बटणाच्या तारा उलटसुलट चालतात, दिव्यांच्या मात्र अधिक-उणे पाहूनच लावाव्या लागतात. इथे बोटं पोचत नाहीत, तेव्हा लांब टोकाचा चिमटा किंवा नोज प्लायर कामाला येतो. चिमट्याची टोकं प्लास्टिकची असतील तर आणखी चांगलं.

दुसरं कारण म्हणजे प्लग पूर्ण बसला का हे डोळ्यांनी पाहणं. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे सोळा पिनांचे काही प्लग वितळले. एनव्हिडियाने केलेल्या तपासात वारंवार आढळलेलं कारण होतं प्लग पूर्ण आत न जाणं. हा प्लग ६०० वॉटपर्यंत शक्ती वाहतो. फट राहिली की संपर्काची जागा घटते आणि तिथे उष्णता साठते. तेव्हा प्लग बसवल्यावर बॅटरीचा उजेड टाकून फट नाही ना, हे पाहायचंच.

तारा बांधायला प्लास्टिकचे टाय आणि वेल्क्रोच्या पट्ट्या लागतात. आधी वेल्क्रो वापरावं, कारण पहिल्या जोडणीत तारांचा मार्ग दोन-तीनदा बदलतो. सगळं चालू झाल्यावरच टाय ओढावेत. शेपट्या कापायला कात्री नको, सपाट कापणारा छोटा कटर घ्यावा. तिरक्या कापलेल्या टायचं टोक पुढच्या वेळी हात चिरतं.

हाताचं कामही शिकून घ्यावं लागतं. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवायचा आणि तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. याउलट इंटेलच्या सॉकेटची तरफ खाली करताना चांगलाच जोर लागतो, रॅमची पट्टी 'खट्' आवाज येईपर्यंत दाबावी लागते आणि चोवीस पिनांचा प्लग बसवताना बोर्डाला मागून आधार द्यावा लागतो. कुठे शून्य जोर आणि कुठे पुरेसा जोर, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्रांसह दिलेलं असतं. ती पुस्तिका टेबलावर उघडी असावी. अनेक जण ती खोक्यातच ठेवतात आणि मग अंदाजाने काम करतात.

मल्टिमीटर: शंकेचं उत्तर

सगळं जोडलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, असा प्रसंग येतो. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि अशा वेळी अंदाजांऐवजी उत्तर देतो. पॉवर सप्लायमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६, पाचच्या जागी ४.७५ ते ५.२५. बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल तीन व्होल्टचा असतो. तो उतरला की संगणक तारीख-वेळ विसरतो. मोजमाप करताना मनगटाचा पट्टा काढून ठेवावा.

मापांच्या एकीला एक मोठा अपवाद आहे आणि तो माहीत असायलाच हवा. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या तारा दोन्ही टोकांनी सुट्या असतात. मदरबोर्डकडच्या टोकाची रचना ठरलेली आहे, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची नाही. एका कंपनीची तार दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला लागते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा पोचतात. हार्ड डिस्क क्षणात जळते. पॉवर सप्लाय बदलला तर त्याच्या सगळ्या ताराही बदलायच्या. जुनी तार वापरायचीच असेल तर उत्पादकाची यादी पाहावी आणि प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासूनच वापरावी.

पॉवर सप्लायचं खोकं मात्र घरी कधीही उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि तार काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. आपल्या कामाची हद्द तिथे संपते.

पेटीबाहेरची हत्यारं

किमान आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आधीच तयार ठेवावा. नव्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम नसते आणि ती टाकण्यासाठी चालू असलेला दुसरा संगणक लागतो, तेव्हा शेजाऱ्याकडे किंवा मित्राकडे हे काम आदल्या दिवशी उरकून घ्यावं. विंडोज ११ असो वा लिनक्स, दोन्हींना हे लागू आहे. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ ही रॅम तपासणारी मोफत प्रणाली ठेवली तर नवा संगणक मधूनच बंद का पडतो, याचं उत्तर अनेकदा तिथे मिळतं.

मोबाइलचा कॅमेराही कामाला लावावा. भाग बसवण्याआधी प्रत्येकाच्या सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवला तर वॉरंटीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड उपसून पाहावं लागत नाही.

आणखी एक सवय हत्याराइतकीच मोलाची. कॅबिनेटमध्ये सगळं कोंबण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढंच जोडून चालू करून पाहावं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसेल तर कार्डही लावावं. पडद्यावर काही उमटलं की पाया पक्का. नाही उमटलं तर बोर्डावरचे छोटे दिवे दोष प्रोसेसरमध्ये आहे, रॅममध्ये की ग्राफिक्समध्ये, हे सांगतात. जुन्या वा स्वस्त बोर्डांवर दिवे नसतील तर छोटा स्पीकर लावून शिट्ट्या मोजता येतात.

काय घेऊ नये

शेकडो टोकांचे मोठे संच आकर्षक दिसतात. त्यांतली चार टोकं कामाची, बाकीची मऊ लोखंडाची. सुतारकामाचं विजेवर चालणारं ड्रिल वा स्क्रूड्रायव्हर इथे नको, स्क्रू थांबल्याचं ते हाताला कळू देत नाही. धूळ काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते. त्याऐवजी हवेचा ब्लोअर वापरावा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती बेफाम फिरत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत यातलं बहुतेक सगळं मिळतं. दुकानात स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पाहता येतो, मूठ बसते का आणि टोक सरळ आहे का हे तिथेच कळतं. सगळी पेटी मिळून खर्च एका बऱ्या कॅबिनेटच्या किमतीपेक्षा कमी येतो.

हा खर्च एका दिवसासाठी नसतो, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आजच्या अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. मोबाइलची पाठ गोंदाने चिकटवलेली असते. वस्तू मालकाने उघडू नये अशाच रीतीने बनवण्याकडे कल आहे. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू करावं लागलं. अशा काळात डेस्कटॉप संगणक हे आपल्या घरातलं असं यंत्र आहे जे एका दोन नंबरच्या फिलिप्सने उघडतं. चार वर्षांनी रॅम वाढवायची असेल, आठ वर्षांनी पंखा बदलायचा असेल, निकामी झालेला एकच भाग काढून बाकीचा संगणक भाचीच्या अभ्यासाला द्यायचा असेल, तर तीच पेटी पुन्हा पुरते. मुलं दहावी-अकरावीत असतील तर त्यांना शेजारी बसवून पहिला स्क्रू त्यांच्या हातून लावून घ्यावा. यंत्र उघडता येतं आणि दुरुस्त करता येतं, हे एकदा हाताला कळलं की पुढच्या प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूकडे ती टाकून देण्याची वस्तू म्हणून पाहणार नाहीत.